दोन फूट कमी

ईमला लोक प्लेग बघायला जातात. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं हे डोंगरउतारावरचं गाव. माझी नणंद शेफील्डला राहते आणि तिथून बसने सहज जाता येतं, त्यामुळे इंग्लंडला गेलं की आमची एक चक्कर ठरलेली. चर्चच्या शेजारी जुनी दगडी घरं आहेत. त्यांच्या बाहेर पाट्या आहेत आणि पाट्यांवर त्या घरात कोण कधी वारलं याची यादी. माणसं ती यादी वाचतात, एकमेकांकडे बघतात, फोटो काढतात. शाळेच्या सहली येतात. मुलं हातातल्या कागदावर काहीबाही भरत असतात, बाई मागून ओरडत असतात. मग सगळे चर्चच्या आवारात शिरतात आणि कॅथरीन मॉम्पेसनच्या थडग्यापाशी थांबतात. तिथून अगदी जवळ, गवतात, एक दगडी क्रूस उभा आहे. थडग्याच्या फोटोत तो बऱ्याचदा कडेला अर्धाच येतो.

हा क्रूस त्या प्लेगपेक्षा साडेआठशे वर्षांनी तरी जुना आहे. म्हणजे आपण प्लेगपासून जितके दूर, त्याच्या दुपटीहून अधिक प्लेग त्या क्रुसापासून दूर. त्याच्याकडे कुणी बघत नाही याचा मला सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही, कारण त्याची हकिगत कळल्यावर प्रकरण जरा गुंतागुंतीचं निघालं.

पण आधी प्लेग, कारण त्याला वळसा घालून ईममध्ये पुढे जाता येत नाही.

1665चा सप्टेंबर. लंडनमध्ये प्लेगने कहर केलेला. तिथून गावच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड ओलसर होतं म्हणून शिंप्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं, अशी गोष्ट सांगतात. काही दिवसांत तो गेला. मग शेजारची घरं. थंडीत जरा ओसरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत भडकलं. जून 1666मध्ये गावाने ठरवलं की आता कुणी बाहेर जायचं नाही. ठरवणारे दोघे होते. विल्यम मॉम्पेसन हा तिशीही न गाठलेला नवा धर्मगुरू आणि थॉमस स्टॅन्ली हा पदावरून दूर केलेला जुना. दोघांची धर्ममतं जुळत नव्हती, पण गाव मॉम्पेसनचं ऐकेना आणि स्टॅन्लीचं ऐकत होतं, म्हणून दोघांनी मिळून लोकांना सांगितलं. प्रार्थना चर्चमध्ये न होता उघड्यावर, दरीत होऊ लागली. गावाच्या शिवेवर भोकं पाडलेला धोंडा आहे. त्या भोकांत व्हिनेगर ओतायचं, त्यात नाणी टाकायची आणि बाहेरच्यांनी सामान ठेवून नाणी उचलायची. चॅट्सवर्थच्या जमीनदाराकडून रसद यायची. आपल्या माणसांना आपणच, आपल्याच शेतात किंवा परसात पुरायचं असा नियम झाला. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने ओढत नेऊन पुरली. गावाबाहेर रायलीच्या शेतात ती थडगी आजही आहेत. चौदा महिन्यांत 260 माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन ऑगस्ट 1666मध्ये गेली, 27 वर्षांची. आवारात जागा मिळालेल्या थोड्यांपैकी ती एक.

या गोष्टीत पिसू प्रत्येक वेळी येते. ओलसर कापड, त्यातल्या पिसवा, त्या चावल्या. पाटीवर तसं लिहिलेलंही असतं. ईमच्या लोकांना मात्र पिसवेचा पत्ता नव्हता, ते दूषित हवा म्हणत होते. उंदीर आणि पिसू यांचा धागा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898मध्ये कराचीत लावला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे प्लेग कमिशनच्या लोकांनी मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत आणि प्लेग लागलेल्या घरांत गिनीपिग ठेवून तेच सिद्ध केलं. सावित्रीबाई फुले ज्या साथीत गेल्या, त्याच साथीच्या मागावर हे संशोधन झालं. ईमच्या पाटीवरचं ते एक वाक्य आमच्या परळहून गेलेलं आहे, हे नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, ‘वहिनी, तू प्रत्येक गोष्टीत परळ शोधतेस.’ शोधते खरी. लहानपण तिथलंच आहे.

आता क्रूस.

लांबून बघाल तर तो ठेंगणा आणि डोकं मोठं असलेला वाटतो. उंची सुमारे अडीच मीटर. खालचा चौकोनी खांब रुंद, वर बारीक होत गेलेला आणि तो पुरेसा बारीक व्हायच्या आतच त्याच्यावर क्रुसाचं डोकं येऊन बसलेलं. मधला तुकडा नाही, साधारण दोन फुटांचा. ते कळलं की प्रमाण का चुकलंय ते लक्षात येतं आणि मग त्या दोन फुटांशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

दगड इथल्याच डोंगरांतला खरखरीत वालुकाश्म, ज्याची या भागात जाती घडवत. शेवाळ आणि दगडफुलांनी डागाळलेला. डोक्याच्या मध्यात आणि हातांवर देवदूत आहेत. त्यांचे चेहरे झिजून गेलेत, पण पंखांची घडी आणि झुकलेली मान कळते. खांबाच्या एका बाजूला मूल घेतलेली माता. तिच्या गुडघ्याची गोलाई दुपारच्या तिरप्या उन्हात एकदम वर येते आणि ऊन सरकलं की नुसता उंचवटा उरतो. कडेच्या अरुंद बाजूंवर दोरीच्या गाठींसारखी विणकाम केलेली नक्षी. पण खरी बाजू मागची. तिच्यावर द्राक्षवेल आहे. एकच जाड देठ खालून निघतो, डावीकडे गोल वळून स्वतःभोवती गुंडाळतो, बाहेर पडतो, उजवीकडे गुंडाळतो आणि असा चढत जातो. प्रत्येक वेटोळ्याच्या पोटात पानं आणि घड. ज्या डोंगरावर सात महिने थंडी असते तिथल्या पाथरवटाने द्राक्षाची बाग बघितली असेल असं वाटत नाही. त्याच्यापर्यंत वेल आली ती भूमध्य समुद्राकडून, हस्तिदंताच्या कोरीव कामांतून, पोथ्यांतून, कुणाच्या तरी आखणीतून. ती त्याने इतक्या आत्मविश्वासाने कोरली आहे की देठ कुठून कुठे जातो हे बोट फिरवून तपासावंसं वाटतं. (फिरवू नये. संरक्षित स्मारक आहे. मी मनातल्या मनात फिरवलं.)

वेल जिथे सगळ्यात सुंदर होऊ लागते, नेमकी तिथेच ती तुटते.

हे काम आठव्या-नवव्या शतकातलं, मर्सिया नावाचं राज्य इथे होतं तेव्हाचं. तेव्हा असे क्रूस रंगवलेले असत, हे इतर दगडांवर उरलेल्या रंगाच्या खुणांवरून कळतं. आज आपल्याला जे राखाडी, भारदस्त, गंभीर वाटतं ते घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तांबडं-पिवळं होतं. त्या काळी गावोगावी चर्चच्या इमारती नव्हत्या. विलिबाल्ड या संताचं आठव्या शतकात एका जोगिणीने लिहिलेलं चरित्र आहे. त्यात ती सांगते, सॅक्सन लोकांत अशी रीत आहे की सरदारांच्या मळ्यांवर चर्च नसतं, उंच उभारलेला क्रूस असतो आणि रोजची प्रार्थना त्याच्यापाशी होते. विलिबाल्ड तीन वर्षांचा असताना मरणाच्या दारात होता. आईबापांनी त्याला असाच एका क्रुसापुढे नेऊन नवस बोलला. चर्च नंतर आलं आणि बऱ्याच ठिकाणी क्रुसाच्या आसऱ्याने आलं. ईमच्या आवारातलं चर्च तर कितीतरी उशिराचं.

मध्ययुग पुढे सरकलं तसे हे क्रूस बदलले. वेली आणि देवदूत गेले. तीन-चार पायऱ्यांचा चौथरा, त्यात खाच, खाचेत सडपातळ खांब, वर डोकं, असा साधा घाट जवळपास प्रत्येक चर्चच्या आवारात आला. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघायची ती त्याच्यापाशी थांबायची, वसईतल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या दफनभूमींसाठी स्मारकाचा एक घाट हवा होता, तेव्हा रेजिनाल्ड ब्लोमफील्ड या वास्तुविशारदाने याच जुन्या क्रुसांकडे बघितलं आणि त्याच्यावर काशाची उलटी तलवार बसवली. तो घाट मग जगभर गेला. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत तोच आहे. लग्नानंतर पुण्यात आल्यावर मी त्याच्यावरून असंख्य वेळा गेले असेन. म्हणजे आमच्यासारख्यांनी नक्कल आधी पाहिली आणि मूळ नंतर, तेही मोडकं.

मोडकंच असतं बहुतेक ठिकाणी. अभ्यासकांचा अंदाज असा की इंग्लंडमध्ये असे 12,000हून जास्त उभे क्रूस होते. आज 2,000देखील नाहीत आणि त्यांतही पुष्कळ ठिकाणी नुसता चौथरा, नाहीतर खाचेतून वर आलेलं कमरेएवढं खुंट. कुणी मागाहून त्या खुंटावर सावलीचं घड्याळ बसवलेलं.

याचं कारण विचारलं की तयार उत्तर मिळतं: धर्मसुधारणा. ते खोटं नाही. सोळाव्या शतकात मूर्ती आणि क्रूस म्हणजे अंधश्रद्धा असं मानणारा पक्ष वर आला. 1643मध्ये संसदेने फर्मान काढून चर्चमधले आणि उघड्यावरचे क्रूस काढून टाकायला सांगितलं. लंडनचा चीपसाइडचा भव्य क्रूस त्याच वर्षी जमावासमोर पाडला. स्कॉटलंडमधल्या रूथवेलचा क्रूस ईमच्या क्रुसाचा थोरला भाऊ शोभेल असा, साडेपाच मीटर उंच, त्याच्या कडांवर रून लिपीत जुन्या इंग्रजी कवितेच्या ओळी. तो तिथल्या धर्मसभेच्या आदेशावरून 1642मध्ये मोडला गेला. ही सगळी नोंदलेली, तारखेनिशी सापडणारी मोडतोड आहे. तिच्यामागे मत होतं, राग होता, कागद होता.

मी ईमबद्दलही हेच धरून चालले होते. कुणीही धरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एबेनेझर ऱ्होड्स नावाचा शेफील्डचा लेखक या डोंगराळ भागात फिरला. त्याने ईमच्या चर्चच्या म्हाताऱ्या सेवकाला विचारलं, मधला तुकडा कुठे आहे? म्हाताऱ्याला चांगलं आठवत होतं. तो तुकडा आवारात इकडून तिकडे पडलेला असायचा, कुणाला त्याची किंमत नव्हती. शेवटी गावातल्याच काहींनी तो घरच्या कामासाठी फोडून नेला.

घरच्या कामासाठी! ना फर्मान, ना जमाव. म्हणजे साडेनऊशे वर्षं झाल्यावर, सुधारणा आणि यादवी युद्ध दोन्ही ओलांडून, प्लेगही ओलांडून, तो दोन फुटांचा तुकडा आवारात शाबूत होता. अठराव्या शतकात, शहाण्यासुरत्या, चर्चला जाणाऱ्या, आपल्या मुलांची नावं त्याच चर्चच्या वहीत नोंदवणाऱ्या माणसांनी तो फोडला. कशासाठी, हे म्हाताऱ्याने सांगितलं नाही किंवा ऱ्होड्सने लिहिलं नाही. मी माझ्यापुरती यादी केली आहे: डुकराच्या गोठ्याची भिंत, चुलीचा कडाप्पा, दाराची पायरी, गवती छपरावर दाब.

यावर नाक मुरडायचा अधिकार मला नाही. आमच्याकडे घाटावरच्या गावांत वीरगळावर धुणं धुतलेलं मी पाहिलं आहे आणि धुणाऱ्या बाईशी गप्पाही मारल्या आहेत. तिला ते दगड कुणाचे हे माहीत होतं, ‘लढाईतली माणसं आहेत’ असं तिनेच सांगितलं, आणि सांगता सांगता साबण लावत होती. माहीत नसतं म्हणून माणसं वस्तू मोडतात असं नाही. वस्तू जवळ असते, पडलेली असते, आणि आज पायरी हवी असते. रागाने मोडणाऱ्याला निदान ती वस्तू काय आहे याची जबर जाणीव असते. रूथवेलचे तुकडे टिकले त्याचं एक कारण मला हेच वाटतं. ते मोडून चर्चच्या जमिनीत आणि आवारात टाकले गेले, कारण ते कशाचे तुकडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ईमचा तुकडा मात्र नुसता दगड झाला होता.

डोकंही तसंच जायचं. ऱ्होड्सच्याच हकिगतीनुसार ते आवाराच्या कोपऱ्यात रानटी पालवी आणि काटेरी झुडपांत दडलेलं होतं. ते वाचलं एका पाहुण्यामुळे आणि हा पाहुणा क्रूस बघायला आलाच नव्हता.

जॉन हॉवर्ड हे नाव इंग्लंडमध्ये तुरुंगांशी जोडलेलं आहे. बेडफर्डशरचा शेरीफ झाल्यावर 1773मध्ये तो तुरुंग तपासायला गेला आणि पाहिलं ते सहन न होऊन उरलेलं आयुष्य घोड्यावर बसून तुरुंग बघत फिरला. पुढे त्याने लाझारेटो, म्हणजे प्लेगच्या संशयितांना अडकवून ठेवायच्या बंदरांवरच्या इमारती, तपासायचं मनावर घेतलं. बाहेरून बघून काय कळणार, म्हणून स्मर्नाहून व्हेनिसला जाणारं, प्लेगचा शिक्का असलेलं जहाज त्याने मुद्दाम निवडलं आणि चाळीसेक दिवस स्वतः कोंडून घेतलं. असा माणूस ईमला येणारच. स्वतःहून स्वतःला कोंडून घेणारं गाव त्याच्यासाठी तीर्थक्षेत्रच. 1780च्या दशकाच्या अखेरीस, मृत्यूच्या थोडं आधी, तो आला. मॉम्पेसनच्या खुणा बघितल्या आणि आवारात फिरताना झुडपांतल्या त्या दगडाकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने तो किती मोलाचा मानला हे बघून गावाला तो मोलाचा वाटू लागला. लोकांनी डोकं उचलून आणलं आणि उरलेल्या खांबावर बसवलं. हॉवर्ड 1790च्या जानेवारीत काळ्या समुद्राकडच्या खेरसोनमध्ये तापाने गेला, तिथेही तो रोग्यांसाठीच गेला होता.

माझा राग का गेला तो यामुळे. मी वर्षानुवर्षं म्हणत आले की प्लेगने या क्रुसाला झाकोळून टाकलं. आणि क्रूस उभा आहे तो प्लेगमुळे. ईममध्ये माणसं मेली नसती तर हॉवर्डचं काय काम होतं तिथे? ते डोकंही एखाद्या परसात गेलं असतं, देवदूतांसकट, आणि खाली राहिलं असतं एक खुंट, वर सावलीचं घड्याळ.

गावाला स्वतःहून का दिसलं नाही, असं नणंदेने विचारलं. तिला अशा प्रश्नांची खोड आहे. मला वाटतं, दिसत होतंच. फक्त त्याच्याकडे बघण्याचं कारण नव्हतं. चांगले कपडे घातलेला, नाव असलेला माणूस लांबून येतो आणि वाकून झुडपं बाजूला करतो, तेव्हा बघणाऱ्याला प्रथम त्या माणसाचं नवल वाटतं आणि मग दगडाचं. यात मोठेपणा गावाचा नाही, पण लाज वाटण्यासारखंही काही नाही. किती देवळं, किती लेणी आपल्याकडेही अशीच ‘सापडली’, जिथे गुराखी रोज दुपारी झोपत होते.

जोडणीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. रूथवेलला 1823मध्ये हेन्री डंकन या धर्मगुरूने तुकडे गोळा करून क्रूस परत उभा केला. हा भला माणूस, गरिबांसाठी बचत बँक काढणाऱ्या पहिल्या काहींपैकी. पण आडवे हात सापडले नाहीत तेव्हा त्याने ते नवे करवून घेतले आणि त्यांच्यावर स्वतःच्या कल्पनेची चिन्हं कोरवली. आजही आठव्या शतकाच्या त्या अप्रतिम कामाच्या टोकाला ती एकोणिसाव्या शतकाची भर डोळ्यांत खुपते. ईमच्या लोकांकडे ना पैसा होता ना कल्पना. त्यांनी मधला भाग नाही हे मान्य करून डोकं सरळ उरलेल्या खांबावर ठेवलं. त्यामुळे क्रूस बुटका दिसतो, प्रमाण बिघडतं, वेल तुटते, आणि जे दिसतं त्यात मागाहून कोरलेलं काही नाही. मला ईमचं काम जास्त प्रामाणिक वाटतं. नणंदेला रूथवेलचं आवडतं. ती म्हणते, तुला सगळं मोडकंच आवडतं.

तो दोन फुटांचा दगड अगदीच चुरा झाला नसेल अशी मला आशा आहे. ग्लॉस्टरशरमधल्या अँपनी क्रुसिस गावात मध्ययुगीन क्रुसाचं कोरीव डोकं चर्चच्या भिंतीतल्याच एका बुजवलेल्या जागेत 1854मध्ये सापडलं. कुणीतरी मोडणाऱ्यांपासून वाचवायला दडवलं असावं. ईमचा तुकडा कुणी दडवला नाही, फोडला, पण फोडलेल्या दगडाच्याही दोन-चार मोठ्या चिपा होतात आणि चांगली चीप भिंतीत लागते. गावातली जुनी घरं आता सगळी जपलेली, किमती आणि पडदे लावलेली. तिथे जाऊन ‘तुमची मागची भिंत जरा उकलून बघू का, आतल्या बाजूला द्राक्षाचा घड असेल’ असं कोण विचारणार? मी नाही. पण गल्लीतून जाताना कुंपणाच्या भिंतींकडे मी दगड मोजल्यासारखी बघत जाते आणि एकदा एका आजोबांनी खिडकीतून हात हलवून ‘काही हवंय का’ असं विचारलंही.